ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेल्यांनी भरपाईचा दावा कसा उभा करावा

पायाडावरून पडून पाय मोडलेल्या कामगाराचा अपघात कोणत्या दिवशी, कोणत्या कामावर आणि कोणाच्या डोळ्यांदेखत झाला हे ठरवायला फार कष्ट पडत नाहीत. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेलेल्या कामगाराच्या आयुष्यात असा एक दिवस दाखवताच येत नाही. सिमेंटचे पत्रे करवतीने कापताना, पाइपांवरचे उष्णतारोधक आवरण ओरबाडून काढताना किंवा जुनी फरशी उखडताना उडालेली धूळ त्या वेळी फारतर ठसका आणते. ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे फुप्फुसे कडक होत जाण्याचा विकार, दिसू लागायला १० ते २० वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो; मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग बहुधा २० ते ५० वर्षांनी प्रकट होतो. तोपर्यंत ठेकेदार निघून गेलेला असतो, कंपनीचे नाव बदललेले असते, हजेरीपट रद्दीत गेलेले असतात आणि ज्या इमारतीत काम केले ती कधी पाडलीही गेलेली असते. आजार उशिरा येतो आणि पुरावा मात्र लवकर नाहीसा होतो, ही या दाव्यांची खरी अडचण आहे. म्हणून दाव्याचे पहिले काम वकिलाच्या कचेरीत नव्हे, तर घरी, वही उघडून करायचे असते, आणि ते कामगार बोलू शकतो आहे तोवर करायचे असते.

कामाचा इतिहास लिहून काढणे

निदान झाल्यावर, किंवा नुसता संशय आला तरी, कामगाराने शाळा सोडल्यापासून आजपर्यंत केलेल्या प्रत्येक कामाची क्रमवार नोंद करावी. मालकाचे नाव, ठेकेदाराचे नाव, कामाची जागा, सुरुवातीचे आणि शेवटचे वर्ष एवढे लिहून थांबू नये. न्यायालयाला किंवा भरपाई मंडळाला खरे तर चार गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: कोणता माल हाताळला, त्याचे नेमके काय केले, धूळ किती उडत होती आणि हे किती दिवस चालले. ‘मी बांधकामावर होतो’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. याउलट ‘गोदामाच्या छतासाठी नालीदार सिमेंटचे पत्रे मी विजेच्या करवतीने कापत असे, दिवसाला इतके पत्रे, तोंडाला फक्त रुमाल बांधलेला असे, संध्याकाळी झाडू मारताना खोलीच्या पलीकडच्या टोकाचा माणूस दिसत नसे’ असे लिहिले, तर तज्ज्ञाला धुळीच्या प्रमाणाचा अंदाज बांधता येतो.

ॲस्बेस्टॉस बांधकामाच्या कोणत्या मालात असे, याची यादी समोर ठेवली की आठवणी जाग्या होतात. छताचे आणि भिंतीचे सिमेंट पत्रे, पाण्याचे आणि मलनिस्सारणाचे सिमेंट पाइप, बॉयलर आणि वाफेच्या नळांवरचे आवरण, पोलादी खांबांवर आगीपासून बचावासाठी फवारलेला लेप, अग्निरोधक तक्ते, व्हिनाइलच्या फरश्या आणि त्यांचा चिकट थर, भिंतीचे सांधे भरण्याचे मिश्रण, गॅस्केट आणि दोर या सगळ्यांत तो वापरला गेला आहे. फवारलेला लेप आणि पाइपांवरचे आवरण हाताने कुस्करले तरी भुगा होणारे असते, त्यामुळे त्यातून तंतू सहज सुटतात. सिमेंटच्या पत्र्यात तंतू घट्ट बसलेले असतात, पण पत्रा कापला, घासला, त्याला भोक पाडले किंवा तो फोडला की तेही हवेत येतात. म्हणून ‘पत्रा निरुपद्रवी आहे’ असा बचाव पुढे आला, तर उत्तर पत्र्याच्या स्वरूपात नव्हे, त्यावर केलेल्या कामात शोधावे.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. ज्यांनी ॲस्बेस्टॉसला हातही लावला नाही, पण जे शेजारी उभे होते, त्यांचाही हक्क असतो. वायरमन, सुतार, रंगारी, प्लंबर यांच्या बाजूला दुसरा कोणी आवरण कापत असेल, तर तीच हवा सगळ्यांच्या छातीत गेलेली असते. त्यामुळे स्वतःच्या कामाबरोबर शेजारच्याचे कामही लिहावे.

मालाचा छाप आठवत असेल तर तो आवर्जून नोंदवावा. पोत्यावरचे चित्र, पत्र्यावरचा शिक्का, गाडीवरचे नाव, माल जेथून येई ते दुकान हे सगळे पुढे उत्पादकापर्यंत पोहोचवू शकते. जे आठवत नाही ते मात्र जुळवून लिहू नये. एका ठिकाणी ठोकून दिलेले नाव खोटे ठरले की उरलेल्या खऱ्या साक्षीवरचा विश्वासही डळमळतो. ‘आठवत नाही’ हे प्रामाणिक उत्तर दाव्याला त्यामानाने फारच कमी इजा करते.

या वहीला कागदांचा आधार द्यावा. नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधी किंवा सामाजिक विम्याच्या नोंदी, करविवरणे, कामगार संघटनेची वर्गणी पावती, ओळखपत्र, कामावर काढलेली छायाचित्रे, कारखान्यातील वैद्यकीय तपासणीचे कार्ड यांपैकी जे हाती येईल ते गोळा करावे. ब्रिटनमध्ये कर खात्याकडून नोकरीचा संपूर्ण इतिहास मागवता येतो आणि बंद पडलेल्या मालकाचा विमा कोणाकडे होता हे शोधण्यासाठी ‘एम्प्लॉयर्स लायबिलिटी ट्रेसिंग ऑफिस’ ही स्वतंत्र व्यवस्था आहे. ती असण्यामागचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे: मालक संपला तरी त्याने त्या वर्षी घेतलेली विमा पॉलिसी संपलेली नसते, आणि अनेक दाव्यांत पैसे शेवटी विमा कंपनीच देते.

कागद नसतील तर माणसे शोधावीत. बरोबर काम केलेल्या दोन-तीन सहकाऱ्यांनी शपथेवर दिलेले निवेदन हरवलेल्या हजेरीपटाची जागा घेऊ शकते. ते सहकारीही वयस्कर असतात आणि त्याच धुळीत वावरलेले असतात, त्यामुळे त्यांच्याकडे जायला उशीर करू नये. मेसोथेलिओमाच्या रुग्णाची प्रकृती काही महिन्यांतच खालावू शकते. त्याची स्वतःची साक्ष वकिलामार्फत, शपथेवर आणि शक्यतो चित्रमुद्रित करून निदानानंतर लगेच घ्यावी. बहुतेक न्यायव्यवस्थांत मरणासन्न साक्षीदाराची साक्ष सुनावणीआधी नोंदवून घेण्याची सोय असते आणि ती मागावी लागते.

निदानाचे नाव आणि त्याचा पुरावा

‘फुप्फुसाचा त्रास’ या शब्दांवर भरपाई मिळत नाही. कायद्याच्या दृष्टीने ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसावरणाचे सर्वदूर जाड होणे, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हे वेगवेगळे आजार आहेत आणि प्रत्येकाला पुरावा वेगळा लागतो. डॉक्टरांना कामाचा इतिहास स्वतःहून सांगावा आणि तो केसपेपरवर लिहून घ्यायला लावावा, कारण अनेकदा तो विचारलाच जात नाही आणि मग फुप्फुसे कडक होण्याला ‘कारण अज्ञात’ असा शेरा बसतो. हा एक शेरा पुढे विरुद्ध पक्षाच्या हातातले हत्यार होतो.

ॲस्बेस्टॉसिससाठी छातीचा उच्च विभेदनाचा सीटी स्कॅन, फुप्फुसांच्या क्षमतेच्या चाचण्या आणि पुरेशा संपर्काचा इतिहास या तीन गोष्टी लागतात. क्ष-किरण चित्र असेल तर ते आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वर्गीकरणानुसार वाचून घ्यावे, कारण ते वर्गीकरण जगभर समजले जाते. मेसोथेलिओमाचे निदान ऊतकाचा तुकडा काढून आणि त्यावर रंगद्रव्यांच्या विशेष चाचण्या करून पक्के होते. हा तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो तो प्रयोगशाळेने नष्ट करू नये, अशी लेखी विनंती द्यावी.

फुप्फुसाच्या कर्करोगात वाद सर्वाधिक होतो, कारण रुग्णाने धूम्रपान केलेले असल्यास सगळा दोष विडी-सिगारेटवर टाकला जातो. वस्तुस्थिती अशी आहे की ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान दोन्ही एकत्र आले की धोका नुसता बेरजेने नव्हे, त्याहून कितीतरी अधिक वाढतो. धूम्रपानामुळे ॲस्बेस्टॉसची जबाबदारी पुसली जात नाही. १९९७ साली हेलसिंकी येथे तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांनुसार दर मिलिलिटर हवेतील तंतूंची संख्या आणि कामाची वर्षे यांचा गुणाकार २५ ‘तंतू-वर्षे’ इतका झाला, तर कर्करोगाचा धोका साधारण दुप्पट मानला जातो. इंग्लंडमधील एका धूम्रपानी कामगाराच्या प्रकरणात २००५ साली न्यायालयाने दावा फेटाळला नाही. भरपाईतून २० टक्के रक्कम वजा केली. म्हणून धूम्रपान लपवू नये. मेसोथेलिओमाचा तर धूम्रपानाशी संबंधच नाही, आणि कोणी तो जोडू पाहत असेल तर तज्ज्ञाच्या अहवालात हे स्पष्ट लिहून घ्यावे.

मुदतीचे घड्याळ

अनेक दावे केवळ पुराव्याअभावी नव्हे, तर मुदत टळल्यामुळेही बुडतात. मुदत किती, हे देशागणिक बदलते. पण ती कोणत्या दिवसापासून मोजायची हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. शेवटची धूळ अंगावर घेतली त्या दिवसापासून मोजली, तर आजार दिसण्याआधीच हक्क मेलेला असेल. त्यामुळे अनेक देशांनी ‘कळल्याचा दिवस’ धरला आहे, म्हणजे आजार गंभीर आहे आणि तो कामामुळे झाला आहे हे कामगाराला कळले किंवा कळायला हवे होते तो दिवस. इंग्लंडमध्ये त्या दिवसापासून ३ वर्षे मिळतात. फ्रान्सच्या ॲस्बेस्टॉसग्रस्तांच्या निधीकडे अर्ज करण्यास १० वर्षे आहेत. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या धूळजन्य आजारांच्या न्यायाधिकरणासमोर अशा दाव्यांना मुदतीचे बंधनच नाही. डॉक्टरांनी ॲस्बेस्टॉसचा उल्लेख ज्या तारखेला प्रथम केला, तो कागद जपून ठेवावा आणि मोजणी तेथूनच होईल असे धरून चालावे. मृत्यू झाल्यास वारसांसाठी वेगळी मुदत सुरू होऊ शकते, पण मूळ मुदत आधीच संपली असेल तर ती वारसांनाही आड येऊ शकते.

दावा कोणावर

येथे एकच दार नसते, आणि एकाच दारावर बसून राहणे ही मोठी चूक आहे. पहिले दार कामगार भरपाईचे किंवा सामाजिक विम्याचे. तेथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. आजार यादीत आहे आणि तो कामातून झाला, एवढे दाखवले की पुरते. रक्कम मात्र ठरावीक आणि बहुधा तुटपुंजी असते. दुसरे दार मालकाच्या निष्काळजीपणाचे: धोका माहीत असून किंवा माहीत असायला हवा असताना त्याने धूळ रोखली नाही, मुखवटे दिले नाहीत, सांगितले नाही. तिसरे दार माल बनवणाऱ्याचे आणि विकणाऱ्याचे, आणि बांधकामातील कामगारांसाठी हेच दार अनेकदा सर्वांत उपयोगी असते, कारण मालक दर काही महिन्यांनी बदलतो पण पत्रा किंवा आवरण त्याच दोन-चार कंपन्यांचे असते. चौथे दार अशा आजारांसाठीच उभारलेल्या निधींचे.

तिसरे दार उघडले ते अमेरिकेत. टेक्सासमध्ये ३३ वर्षे उष्णतारोधक आवरणे बसवणारे क्लॅरेन्स बोरेल यांनी १९६९ साली उत्पादकांवर दावा लावला. १९७३ साली अपील न्यायालयाने ठरवले की उत्पादकाला आपल्या मालाचे तज्ज्ञाइतके ज्ञान असले पाहिजे आणि कामगाराला धोक्याची सूचना देणे ही त्याची जबाबदारी आहे. बोरेल तो निकाल पाहायला हयात नव्हते. १९७० मध्येच त्यांचा मृत्यू झाला होता. त्यानंतर दाव्यांची संख्या इतकी वाढली की जॉन्स-मॅनव्हिल या मोठ्या उत्पादकाने १९८२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला आणि १९८८ साली पीडितांसाठी विश्वस्त निधी सुरू झाला. असे अनेक निधी तेथे आज आहेत. त्यांच्याकडे दावा मंजूर झाला तरी ठरलेल्या मूल्याचा काही टक्केच भाग हाती येतो, म्हणून ज्या ज्या कंपनीचा माल हाताळला त्या प्रत्येकीच्या निधीकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. वहीतला तो छाप, तो शिक्का येथे कामी येतो.

अनेक मालकांकडे काम केलेल्यांना हमखास विचारले जाते: कोणाच्या धुळीतला तंतू घातक ठरला ते सांगा. हे विज्ञानालाही सांगता येत नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, २००२ सालच्या फेअरचाइल्ड खटल्यात हा अडसर मेसोथेलिओमापुरता दूर केला. ज्याने चुकीने धोका लक्षणीय वाढवला तो जबाबदार, असे ठरले. पुढे २००६ च्या कायद्याने अशा प्रत्येक मालकावर संपूर्ण भरपाईची जबाबदारी टाकली, म्हणजे दहांपैकी एकच मालक सापडला तरी कामगार रिकाम्या हाती परतत नाही. एकही मालक वा विमा कंपनी सापडत नसेल, तर तेथे २०१४ च्या मेसोथेलिओमा कायद्याखालची योजना आहे.

फ्रान्सचा निधी २००० सालच्या डिसेंबरमधील कायद्याने स्थापन झाला आणि तो केवळ कामगारांपुरता नाही; कामाचे कपडे धुताना धूळ घेतलेली पत्नीही तेथे अर्ज करू शकते. तेथे मेसोथेलिओमाचे निदान हाच ॲस्बेस्टॉसच्या संपर्काचा पुरावा मानला जातो. निधीने सहा महिन्यांत देकार द्यायचा असतो, मात्र तो स्वीकारला की त्याच हानीसाठी न्यायालयात जाता येत नाही.

स्वतःची हत्यारे घेऊन कामावर जाणारे, म्हणजे कोणाचेच ‘नोकर’ नसलेले कारागीर, बहुतेक कायद्यांच्या कक्षेबाहेर राहतात. मला स्वतःला ही या क्षेत्रातली सर्वांत अन्यायकारक फट वाटते, कारण बांधकामाचा मोठा भाग अशाच लोकांच्या हातून होतो. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे २०२१ रोजी बांधकाम कामगारांच्या खटल्यांत सरकारला आणि काही उत्पादकांना जबाबदार धरले आणि सरकारच्या जबाबदारीत या स्वतंत्र कारागिरांनाही सामावून घेतले. त्यानंतरच्या कायद्याने आजारानुसार ५५ लाख ते १ कोटी ३० लाख येन इतकी रक्कम ठरवली. इतर देशांतील स्वतंत्र कारागिरांनी निदान उत्पादकाविरुद्धचे दार तपासल्याशिवाय माघार घेऊ नये, कारण तेथे नोकरीचे नाते सिद्ध करावे लागत नाही.

भारतात १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ॲस्बेस्टॉसिस तसेच ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा यांचा व्यवसायजन्य आजार म्हणून समावेश झाला, आणि अशी यादी २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा घेतलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराला त्या योजनेकडेच जावे लागते. दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही. १९२३ च्या कायद्यात दाव्याची मुदत २ वर्षांची आणि नोकरी सुटल्यावर २ वर्षांत लक्षणे दिसण्याची कल्पना होती, जी ॲस्बेस्टॉसच्या स्वभावाशी मुळीच जुळत नव्हती. म्हणून विलंब माफ करण्याचा अर्ज, सबळ वैद्यकीय कारणासह, दाव्यासोबतच जोडावा. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’च्या याचिकेवर दिलेला निकाल येथे हाताशी ठेवावा. त्यात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे उशिराचे असेल तोवर, जपण्याचा आदेश दिला गेला. त्या नोंदी मालकाकडे लेखी मागाव्यात. मालकाने त्या ठेवल्या नसतील तर तीच गोष्ट दाव्यात मांडावी.

वकील निवडताना त्याने ॲस्बेस्टॉसचे किंवा निदान व्यवसायजन्य आजारांचे दावे चालवले आहेत का हे विचारावे, आणि शुल्क रकमेच्या किती टक्के, हरल्यास खर्च कोणाचा, हे लेखी घ्यावे.

रक्कम, तडजोड आणि सही

मागणी मांडताना केवळ औषधांची बिले जोडून भागत नाही. बुडालेले आणि पुढे बुडणारे उत्पन्न, निवृत्तिवेतनाची हानी, प्राणवायूचे यंत्र आणि ये-जा यांचा खर्च, घरच्यांनी रात्रंदिवस केलेल्या शुश्रूषेचे मोल, वेदना आणि कमी झालेले आयुष्य हे सगळे वेगवेगळ्या रकान्यांत मांडावे. शुश्रूषेचे मोल मागायला कुटुंबाला संकोच वाटतो. पण पत्नीने किंवा मुलीने त्यासाठी नोकरी सोडली असेल, तर ती हानी खरी आहे आणि अनेक देशांची न्यायालये ती मोजतात. मिळालेली सामाजिक विम्याची रक्कम पुढच्या भरपाईतून वळती होते का, हेही आधीच तपासावे.

फुप्फुसावरणावर नुसते चट्टे आढळले असतील आणि त्रास काही नसेल, तर इंग्लंडमध्ये २००७ च्या निकालानंतर भरपाई मिळत नाही, तर स्कॉटलंडमध्ये २००९ च्या कायद्याने ती मिळते. असे चट्टे किंवा सौम्य ॲस्बेस्टॉसिस असलेल्याला पुढे कर्करोग होऊ शकतो. म्हणून जेथे सोय असेल तेथे ‘तात्पुरती’ भरपाई मागावी: आज आहे त्या आजाराची रक्कम आज, आणि पुढे ठरावीक गंभीर आजार झाल्यास पुन्हा न्यायालयात येण्याचा हक्क राखून. विरुद्ध पक्ष ‘अंतिम आणि संपूर्ण’ तडजोडीचा कागद पुढे करतो तेव्हा त्यात भविष्यातले कोणते आजार गिळले गेले आहेत, ते एकेक वाक्य वाचून पाहावे. अशा कागदावर रुग्णालयातील खाटेवर, वकिलाच्या अनुपस्थितीत सही करू नये.

कामगार दावा चालू असताना दगावला, तर तो बहुतेक ठिकाणी वारसांच्या नावे पुढे चालतो. दावा हयातीत दाखल झालेला असणे येथे फार महत्त्वाचे ठरते. न्यू साउथ वेल्समध्ये कामगाराने जिवंतपणी दावा लावला असेल तरच त्याच्या वेदनांची भरपाई वारसांना मिळते. मृत्यूनंतर शवविच्छेदनाचा प्रश्न येतो. शोकाच्या त्या काही तासांत हा निर्णय घेणे कठीण असते, म्हणून रुग्ण शुद्धीवर असतानाच त्याची इच्छा विचारून लिहून ठेवावी आणि ती वकिलाला कळवावी. निदान ऊतकाने आधीच सिद्ध झालेले असेल तर शवविच्छेदनाची गरज पडेलच असे नाही. ते नसेल तर मृत्यूच्या दाखल्यात ‘श्वसनक्रिया बंद पडणे’ एवढेच लिहिले जाण्याआधी डॉक्टरांना कामाचा इतिहास आणि आधीचे अहवाल दाखवावेत व मूळ आजाराचे नाव कारण म्हणून नोंदवले गेले आहे, हे दाखला हाती घेतानाच तपासावे.